पटावरचे आकडे आणि मोहल्ल्यातली मुलं

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गावी गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं आमचं गाव. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीशेजारच्या हॉलमध्ये जमातची बैठक होती. विषय एकच, गावातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा. पट इतका खाली आलाय की ती बंद करून मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवणार, अशी कुजबुज सुरू होती. तसा कागद कोणी पाहिला नव्हता, पण भीती खरी होती.

बैठकीत तीन प्रकारची माणसं बोलली. एक चाचा म्हणाले, "पोरंच नाहीत, तर शाळा कुणासाठी चालवायची?" माझ्याच वयाचा, दुबईहून सुट्टीवर आलेला मित्र म्हणाला, "शाळेत शिकवतच नाहीत, म्हणून पोरं नाहीत." आणि तिसऱ्याने विषय संपवल्यासारखं सांगितलं, "इंग्लिश मीडियमचा दहावीचा रिझल्ट शंभर टक्के लागलाय. अजून काय पुरावा पाहिजे?"

मी याच शाळेत शिकलो. जांभ्या दगडाच्या त्या इमारतीत पहिली ते सातवी, मग तालुक्याच्या हायस्कूलात, मग इंजिनीअरिंग, आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुझं कामच आकड्यांचं आहे." त्या दिवशी मला काही सांगता आलं नाही. मनातून मीही चाचांच्या बाजूचा होतो. पण घरी आल्यावर लॅपटॉप उघडला आणि पुढचे दहा-बारा दिवस हेच करत बसलो. आमच्या केंद्रातल्या शाळांची माहिती गोळा केली, शिक्षकांना भेटलो, घरोघर गेलो. त्यातून जे समजलं ते लिहितोय. कारण ही गोष्ट फक्त आमच्या गावाची नाही. कोकणात, मराठवाड्यात, मालेगावात, भिवंडीत, मुंबईच्या महापालिका शाळांच्या आवारात, जिथे जिथे आपली मुलं सरकारी शाळेत जातात तिथे हा वाद या ना त्या रूपात सुरू आहे. आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धवट आकड्यांवर चाललाय.

शंभर टक्के म्हणजे किती?

आधी निकालाचं बघू, कारण बैठकीत सगळ्यात जास्त वजन त्यालाच होतं.

समजा दोन शाळा आहेत. दोन्हीकडे आठवीत ४० मुलं. पहिल्या शाळेतून दहावीला २८ जण बसले आणि २८ पास झाले. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेतून ३८ जण बसले आणि ३४ पास झाले. निकाल साधारण ८९ टक्के. वर्तमानपत्रात पहिल्या शाळेचा फोटो येईल. पण आठवीतल्या ४० पैकी दहावी पास झालेले किती? पहिल्या शाळेत २८, दुसऱ्या शाळेत ३४. जिला आपण कमी म्हटलं तिने सहा मुलं जास्त पार केली.

मग पहिल्या शाळेतले बारा जण कुठे गेले? काही गाव सोडून गेले असतील. काही कामाला लागले असतील. काही मुलींचं शिक्षण थांबलं असेल. आणि काहींच्या हातात १७ नंबरचा फॉर्म दिला गेला असेल. हा प्रकार शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कच्च्या मुलाला नववीतच सांगायचं, "तू बाहेरून बस," म्हणजे तो खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देतो आणि शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. माझ्या वर्गातल्या एका मित्राला असंच सांगितलं होतं. तो बसलाच नाही. आज रिक्षा चालवतो, छान चालवतो, पण दहावीचं नाव काढलं की गप्प होतो. शाळेच्या निकालात त्याची नोंद कुठेच नाही.

निकाल किती नाजूक आकडा आहे, याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० मध्ये पुन्हा ९५.३० टक्के झाला. महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात कच्ची आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? नाही. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. मुलं तीच, शिक्षक तेच. फक्त मोजण्याची पद्धत बदलली.

आमचा कोकण विभाग वेगळा झाल्यापासून दहावीत सतत राज्यात पहिला येतो. २०२४ ला राज्याचा निकाल ९५.८१ टक्के, कोकणचा ९९.०१. २०२५ ला राज्याचा ९४.१०, कोकणचा ९८.८२. मला त्याचा अभिमान आहे, आणि आमच्या शिक्षकांच्या मेहनतीला सलामही. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे पास-नापासवरून एक शाळा दुसरीपेक्षा चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. अठ्ठ्याण्णव टक्के आणि शंभर टक्के यांतला फरक लहान शाळेत एका मुलाचा असतो. त्या एका मुलाला त्या दिवशी ताप आला होता, एवढंच कारण असू शकतं.

मुलं कमी झाली की निघून गेली?

आता पटसंख्या. चाचा म्हणाले पोरं नाहीत. ते चुकीचं बोलत नव्हते.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि आमचा जिल्हा मात्र ८१ हजारांहून जास्त माणसांनी आटला. सिंधुदुर्गचीही लोकसंख्या घटली. आपल्या मोहल्ल्यात फिरलं तरी हे दिसतं. आखाताच्या पैशातून बांधलेली दुमजली घरं, आणि त्यांना कुलूप. माणसं मुंब्र्याला, कुर्ल्याला, पनवेलला. कुटुंबंही आता लहान झाली. माझ्या आजीला सात मुलं, अम्मीला तीन, मला एक.

याचा अर्थ असा की शाळेचा आजचा पट तिच्या वीस वर्षांपूर्वीच्या पटाशी ताडून "शाळा पडली" म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या गावात मुलंच निम्मी झाली, तिथे शाळेचा पट निम्मा झाला तर शाळेने काही गमावलेलं नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. आज गावात शाळेच्या वयाची जेवढी मुलं आहेत, त्यांतली किती या शाळेत येतात?

हे शोधायला मोठा सर्व्हे लागत नाही. अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमध्ये गावातल्या प्रत्येक लहान मुलाचं नाव असतं. कोणतं मूल पहिलीत जायच्या वयाला आलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ती यादी एका बाजूला आणि उर्दू शाळा, मराठी शाळा, इंग्रजी शाळा यांचे पहिलीचे पट दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासात चित्र उभं राहतं.

आमच्या गावात तसं केलं तेव्हा दोन्ही गोष्टी दिसल्या. मुलं खरंच कमी झाली आहेत. वाडीतली जिल्हा परिषदेची मराठी शाळाही तशीच आटली आहे. तिथले पालक मुंबई-पुण्याला जातात, आपले मुंब्र्याला आणि आखातात, एवढाच फरक. पण उरलेल्यांतली बरीच मुलं सकाळी व्हॅनमध्ये बसून आठ-दहा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातात, हेही खरं. म्हणजे चाचाही अर्धे बरोबर आणि दुबईचा मित्रही अर्धा बरोबर. पण या दोन आजारांवर औषध वेगवेगळं आहे. मुलं कमी होण्यावर शाळा काही करू शकत नाही. मुलं निघून जाण्यावर करू शकते.

आणखी एक आकडा बघायला मी शिकलो. एकूण पट बघू नका, इयत्तावार पट बघा. या वर्षी पाचवीत किती, आणि हीच मुलं गेल्या वर्षी चौथीत किती होती? जिथे संख्या एकदम खाली येते, तिथे काहीतरी तुटलंय. आमच्याकडे ती जागा सातवीनंतरची आहे. उर्दू शाळा सातवीपर्यंत. पुढचं उर्दू हायस्कूल लांब, एसटीच्या वेळा गैरसोयीच्या. मुलगे कसेतरी जातात. मुलींसाठी घरात चर्चा सुरू होते, आणि पावसाळ्यात ती चर्चा बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते. हा दोष पहिली ते सातवी शिकवणाऱ्या आपांचा नाही. पण तोंडी हिशोबात तो त्यांच्याच शाळेच्या नावावर लिहिला जातो.

घसरणीचा जिना

मुलं का निघून जातात? पालकांना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, माध्यमाचं कारण सांगतील. इंग्रजी, फॅशन, शेजारणीची मुलं. ते आलंच. पण सगळ्यात जास्त ऐकू आलं ते वेगळं होतं: "एकच बाई पाच वर्गांना शिकवते. माझ्या पोराकडे कधी बघणार?"

हे समजून घ्यायला संच मान्यता समजून घ्यावी लागते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि विषयवार शिक्षक. म्हणजे ६१ चा पट ६० झाला की एक पद जातं. एक कुटुंब मुंब्र्याला गेलं की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने संच मान्यतेचे निकष बदलले. त्यामुळे छोट्या शाळांमधल्या सहावी-सातवीच्या वर्गांची पदं धोक्यात आल्याचं सांगत शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त आहेत.

उर्दू शाळांचं दुखणं याहून एक पायरी खोल आहे. मराठी शाळेत अतिरिक्त झालेला शिक्षक उर्दू शाळेत पाठवता येत नाही, त्याला उर्दू येत नाही. उर्दूच्या राखीव जागांना त्या प्रवर्गातले उर्दू माध्यमात शिकलेले उमेदवार मिळत नाहीत, म्हणून त्या रिकाम्या राहतात. कोकणात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावी परत जातात. त्यांचंही चुकत नाही, त्यांनाही आईवडील आहेत. पण जागा रिकामी राहते.

मग जिना असा उतरत जातो. पट थोडा कमी होतो, एक शिक्षक जातो. उरलेल्या शिक्षकावर जास्त वर्ग येतात, वर ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, निवडणुकीची कामं. शिकवणं पातळ होतं. ज्या पालकाला परवडतं तो मूल काढतो. पट अजून कमी होतो. आणखी एक शिक्षक जातो. शेवटी उरतात ती मुलं, ज्यांच्या आईवडिलांना व्हॅनचं भाडं परवडत नाही. आणि मग आपण त्या मुलांचे गुण बघून म्हणतो, "बघा, उर्दू शाळेचा दर्जा!"

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पटावर पदं ठरतात म्हटल्यावर पट फुगवणंही आलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा लाखो मुलं फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. त्यात सगळ्या प्रकारच्या संस्था होत्या, आपल्या समाजाच्याही. पुढे सरल पोर्टल आलं, आधार जोडणी आली, त्यामागे हा इतिहास आहे. आपण सरकारकडे शिक्षक मागतो तेव्हा आपले हातही स्वच्छ असले पाहिजेत.

मग मोजायचं काय?

शाळा चांगली आहे का, या प्रश्नाचं सगळ्यात साधं उत्तर मुलाच्या हातात पुस्तक देऊन मिळतं. प्रथम संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. खेड्यांतल्या घरी जाऊन मुलांना एक उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार करायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के. म्हणजे पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही. आणि ही सुधारणा झाल्यानंतरची स्थिती आहे. कोरोनानंतर २०२२ मध्ये तिसरीचा आकडा १६.३ पर्यंत गेला होता.

खाजगी शाळांचे आकडे यापेक्षा थोडे वर असतात. पण त्यात शाळेचा वाटा किती आणि घरचा किती, हे वेगळं करावं लागतं. जी अम्मी बारावी शिकलेली आहे, जी संध्याकाळी शेजारी बसून गृहपाठ घेते, जिला शिकवणीचे पैसे देता येतात, तिचं मूल कुठल्याही शाळेत थोडं पुढेच असेल. ते श्रेय शाळेने घेणं म्हणजे पाऊस पडल्यावर मी पाणी आणलं म्हणण्यासारखं आहे.

मीही गावात छोटासा प्रयोग केला. आठवडाभर असरच्या नमाजनंतर 'असर'सारखीच चाचणी. दुसरीच्या बालभारतीतला एक परिच्छेद. उर्दू शाळेतल्यांना उर्दू पुस्तकातला, वाडीतल्या मराठी शाळेतल्यांना मराठीतला, इंग्रजीवाल्यांना इंग्रजीतला. मुलं इतकी थोडी होती की यावरून टक्केवारी काढणं खोटेपणा होईल, म्हणून काढत नाही. पण दोन चेहरे डोळ्यांसमोरून जात नाहीत. एक उर्दू शाळेतली चौथीतली मुलगी. तिने उतारा घडाघडा वाचला आणि त्यातली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली, वर मला विचारलं, "पुढे काय झालं?" दुसरी माझ्याच चुलतभावाची पाचवीतली मुलगी. व्हॅनने जाणारी. तिने इंग्रजी परिच्छेद अगदी सुंदर उच्चारांत वाचला. मी विचारलं, यात काय सांगितलंय? ती हसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मराठी उतारा दिला, अडखळली. उर्दू तिला येतच नव्हती. फी भरणारा तिचा बाप शेजारीच बसला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

याचा अर्थ उर्दू शाळा चांगल्या आणि इंग्रजी वाईट, असा मी काढत नाही. त्याच उर्दू शाळेत पाचवीतला एक मुलगा होता ज्याला अक्षरं जोडता येत नव्हती, आणि त्याच्या बाजूला उभं राहून मी "शाळा वाचवा" म्हणू शकत नव्हतो. मुद्दा इतकाच, की माध्यमाच्या पाटीवरून मुलाला काय येतं ते कळत नाही.

उर्दू, मराठी आणि आपली अडचण

आता जे बोलणार आहे त्यावरून काही जण रागावतील. पण आपल्या घरातलं आपणच बोलायला हवं.

उर्दू शाळा हा आपला घटनात्मक हक्क आहे. मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याबद्दल कलम ३५०अ सांगतं, आपल्या संस्था चालवण्याचा अधिकार कलम ३० देतं. ते कोणी काढून घेऊ लागलं तर त्याविरुद्ध उभं राहणं गरजेचं आहे. पण एक शिक्षक, पाच वर्ग आणि दहा मुलं, अशी शाळा केवळ पाटीवरच्या अक्षरांसाठी चालू ठेवणं याला मी उर्दूची खिदमत म्हणणार नाही. जिथे एका गावात उर्दू आणि मराठी अशा दोन्ही शाळा आटल्या आहेत, तिथे दोन्ही एका आवारात आणता येतील का? गणित, विज्ञान, इंग्रजी एकत्र, सेमी इंग्रजीने. उर्दू ज्यांना हवी त्यांना मन लावून शिकवणारा शिक्षक. आणि सगळ्यांना पक्कं मराठी. आमच्यासारख्या घरांत, जिथे आपण बोलतो कोकणी-मराठी आणि पाटी उर्दूची असते, तिथे हा विचार करायला हरकत नसावी. पण हे गावाला विचारून झालं पाहिजे, वरून आलेल्या पत्राने नाही. पुढच्या शाळेपर्यंत मुलींसाठी वाहनाची सोय लेखी मिळाल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि जिथे पुरेशी मुलं आहेत, मालेगाव-भिवंडीसारख्या शहरांत, तिथे शाळा एकत्र करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे भांडण शिक्षकांच्या रिकाम्या पदांसाठी आणि वर्गखोल्यांसाठी व्हायला हवं.

दुसरी गोष्ट आपल्या ट्रस्टच्या इंग्रजी शाळांची. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवल्या. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून सूट मिळाली. कायद्याच्या दृष्टीने ठीक. पण परिणाम काय? मोहल्ल्यातल्या गरीब विधवेच्या मुलाला मोहल्ल्याच्याच देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शाळेत मोफत जागा मागण्याचा हक्क नाही. कायदा मागत नाही, म्हणून आपण स्वतःहून देऊ नये असं कुठे लिहिलंय? जकातीचा हिशोब ठेवणाऱ्या समाजाला हे सांगावं लागू नये.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. गावच्या शाळेबद्दल बोलताना हे लपवणं बेइमानी ठरेल. मी शाळा सोडली, माझ्यासारखे सगळे शिकलेले निघून गेले, आणि शाळेच्या बाजूने साहेबांशी बोलणारं कोणी उरलं नाही. पूर्वी सरपंचांचा मुलगा, मौलानांचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच बाकावर बसायचे. छप्पर गळलं की सरपंचांना राग यायचा. आता ज्यांना राग येतो त्यांचं कोणी ऐकत नाही.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या ७६.९ टक्क्यांपेक्षा थोडी जास्तच. आपल्याला शिक्षण नको असतं, हा आरोप तिथेच खोटा पडतो. पण २००८ मध्ये राज्याने नेमलेल्या मेहमूद-उर-रहमान समितीने २०१३ च्या अहवालात दाखवून दिलं की आपली मुलं शाळेत येतात, आणि वरच्या वर्गांकडे जाताना गळत जातात. दार उघडं आहे, जिन्याला मात्र पायऱ्या कमी आहेत. आणि पहिली पायरी तीच, गावची शाळा.

तुम्ही काय करू शकता

हे वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच असतील. शिकलेले, शहरात, गावाशी ईदपुरते जोडलेले. मुलांना परत गावच्या शाळेत घाला असं मी सांगत नाही, मला तो अधिकार नाही. पण पाच कामं आपल्याला जमतात.

एक. आपल्या शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक शोधा. त्यावरून शाळेची माहिती सगळ्यांना बघता येते: इयत्तावार पट, शिक्षक किती, शौचालय, वाचनालय. ती छापून काढा आणि शाळेत जाऊन ताडून बघा. जे कागदावर आहे ते जागेवर आहे का?

दोन. अंगणवाडीची यादी आणि सगळ्या शाळांचे पट समोरासमोर ठेवा. कोणतं मूल कुठेच नाही, हे आधी शोधा. ज्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्याच्यासाठी कुठलीच शाळा भांडणार नाही.

तीन. शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि सह्या होतात. तुमच्या वहिनीला, बहिणीला, चाचीला बैठकीत जायला सांगा, आणि काय विचारायचं ते आधी लिहून द्या. शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचंच काम आहे.

चार. रिकाम्या पदांबद्दल भाषणं करण्यापेक्षा माहिती अधिकारात एक अर्ज करा: आमच्या शाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती, केव्हापासून रिकामी? उत्तर आलं की तेच कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. अर्जावर मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांची नावं घाला. वाडीतले पालकही याच रांगेत उभे आहेत. त्यांना सोबत घेतलं की आपला आवाज मोठा होतो, आणि त्यांचाही.

पाच. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक संध्याकाळ मुलांजवळ बसा. दुसरीचं पुस्तक द्या आणि वाचायला सांगा. मग अर्थ विचारा. आपल्या घरच्या मुलांपासून सुरुवात करा.

आणि एक तारीख लक्षात ठेवा, ३० सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर पुढच्या वर्षीचे शिक्षक ठरतात. ऑक्टोबरमध्ये जागे होऊन उपयोग नसतो.

आमच्या जमातची पुढची बैठक मी पुण्याला परतायच्या आदल्या रात्री झाली. मी तक्ता भिंतीवर लावला. एका बाजूला गावातली मुलं, दुसऱ्या बाजूला ती कुठे जातात. चाचांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली. त्यातल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही कोणत्याच शाळेत नाही?" नव्हती. आई आजारी, लहान भावंडं, म्हणून घरी. बैठकीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि तिचं घर मशिदीपासून चार घरं पलीकडे आहे.

शाळेचं पुढे काय होणार, मला माहीत नाही. या वर्षी ती सुरू आहे. एका पदाचा अर्ज अडकून पडलाय, वाडीतल्या दोन पालकांनीही त्यावर सही केली आहे. पण ती मुलगी आता शाळेत जाते. चाची तिला सकाळी हाक मारून घेऊन जातात.